आधी उत्तर, मग मजकूर

घाईत कसं लिहावं यावर एक लेख वाचला. त्यात लेखकाचा सल्ला आहे की वेळ कमी असला की सुचेल ते भराभर लिहून काढा, सुधारणा मागाहून. अहो, सरकारी दफ्तरात ते 'मागाहून' येतच नाही! आमच्या नागपुरात डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की आमदारांच्या तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांची नि लक्षवेधी (तातडीच्या विषयावरच्या) सूचनांची उत्तरं लिहिता लिहिता टेबलावरच दिवस उजाडतो. जिल्ह्याहून आकडे यायचे असतात आणि इकडे मंत्र्यांच्या कार्यालयातून फोनवर फोन. अशा टेबलावर नोकरी काढली, म्हणून सांगतो.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो : '...हे खरे आहे काय?' तेव्हा आधी पक्कं करायचं, 'हे खरे आहे', 'हे खरे नाही' की 'हे अंशतः खरे आहे'. एवढं ठरलं की पुढचा मजकूर फार वळवळत नाही. आकडा आला नसेल तिथे जागा कोरी सोडून लाल पेनाने गोल करायचा नि पुढे सरकायचं. ('विलंबाची कारणे काय?' हा शेवटचा प्रश्न मात्र 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणून सुटतो. ती सोय सगळ्यांना कुठली!)

शाळेचं म्हणाल तर दहावीच्या मराठीला 3 तास नि 80 गुण. उपयोजित लेखन (पत्र, निबंध वगैरे) शेवटी येतं, तोवर हात भरून आलेला असतो. माझ्या पुतणीला मी म्हटलं, निबंधाचे चार मुद्दे हात ताजा असतानाच मागच्या पानावर टिपून ठेव. शाळेत मात्र सुवाच्य अक्षर नि समास यावरच सगळा भर, मुद्द्यांचं कोणी बोलतच नाही बाप्पा.