मुंबई-दुबई तीन तास म्हणता, पण सांगलीपासून मोजा की!

आपल्याकडं कुणाचे आईवडील पहिल्यांदा लेकीकडं दुबईला निघाले की जो येतो तो एकच सांगतो, काय नाही हो, तीन तासात पोचाल. मला हे ऐकलं की राग येतो. तीन तास विमानाचे झाले, त्या माणसांचे नाही!

मुंबई ते दुबई सरळ रेषेत १९०० किमीच्या थोडं वर आहे. विमान वर गेल्यावर ताशी ८००-९०० नं जातं, म्हणजे नुसत्या हिशोबानं सव्वादोन-अडीच तास, पण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडं जाऊन थांबेपर्यंतचा असतो. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, मग लागली लाईन. म्हणून जाताना सव्वातीन तास धरतात. येताना जरा कमी लागतो, वरचं वारं पश्चिमेकडून असलं की मागनं रेटा मिळतो, थंडीत तर जास्तच.

आणि घड्याळाचं कुणीच नीट सांगत नाही. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं. सकाळी १० ला निघालेलं विमान तिथल्या पावणेबाराला उतरतं, आणि तिकडनं रात्री १० ला निघालं की इथं पहाटे अडीच वाजलेले असतात, तारीख पण बदललेली. तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ छापलेली असते, त्यामुळं जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार असं दिसतं आणि माणूस चक्रावतो.

आता सांगलीपासून मोजा. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, एक्सप्रेसवे, चहा-जेवण धरून आठ तास कुठं गेले नाहीत. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं. तिकडं इमिग्रेशन आणि बॅगा, अजून तासभर. झाले की पंधरा तास! शुगर असलेल्या, गुडघे धरलेल्या माणसाला हे आधी सांगायला नको का? गोळ्या कधी घ्यायच्या, जेवायचं कधी, सगळं त्यावर ठरतं.

सगळ्यात घोळ मध्यरात्रीच्या फ्लाइटचा. १५ तारखेला रात्री साडेबाराची असेल तर १४ ला दुपारी बाराच्या आत सांगली सोडायची, १५ च्या रात्री गेलात तर विमान कधीच गेलेलं असतं. आणि आता नवी मुंबईचं विमानतळ पण झालंय, पनवेलजवळ, आपल्याला ते आधी लागतं, पण तुमचं तिकीट कुठलं आहे ते बघितल्याशिवाय गाडीवाल्याला सांगू नका.

सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीवर विमानतळ होणार, हे तर लहानपणापासून ऐकतोय. ते होईल तेव्हा होईल, निदान कोल्हापूरहून मुंबईला अशा वेळेला विमान पाहिजे की पुढचं परदेशी विमान आरामात मिळेल, एवढी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडं सगळ्यांनी मिळून लावून धरायला पाहिजे. तोवर आईवडिलांसाठी दिवसाची फ्लाइट घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि आदल्या रात्री मुंबईत नाहीतर पनवेलला कुणा पाहुण्याकडं मुक्काम करा.