‘शोधली’ या शब्दाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतल्या एका निनावी शिखराच्या चढाईविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उंची चुकली आहे, छायाचित्रे धूसर आहेत, चढाईच्या वाटेचा जीपीएस ट्रॅक (मोबाइलने नोंदवलेली रेषा) दिलेला नाही, अशा तीन तक्रारींनंतर आपण लिहिता : “जिथे गुराखी रोज चढतात तिथे वाट ‘शोधली’ म्हणणे ही शहरी पाहुण्यांची फुशारकी आहे.”

उंचीबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे. मी मोबाइलमधला आकडा लिहिला होता. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनकाशावरचा आकडा त्याहून कमी आहे आणि मी तोच घ्यायला हवा होता. तशी दुरुस्ती केली आहे. छायाचित्रांविषयी वाद घालण्यासारखे काही नाही.

त्या शेवटच्या वाक्याचे मात्र तसे नाही. मतभेद कोणीही मांडावा, पण ‘पाहुणा’ आणि ‘फुशारकी’ हे शब्द लिहिण्यापूर्वी समोरचा माणूस कुठला, याची साधी चौकशी करावी, एवढी अपेक्षा गैर नसावी. माझ्या आजोबांनी याच तालुक्यात आयुष्यभर शेळ्या राखल्या. भामेरचा किल्ला मी प्रथम पाहिला तो त्यांचे बोट धरून. २००९ साली एका गवताळ उतारावर पाय घसरून माझा घोटा मोडला, तेव्हा मला पाठीवर घेऊन गावापर्यंत आणणारी दोन्ही माणसे गुराखीच होती. गुराख्यांचे श्रेय मी लाटतो, असे मला ऐकवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

गुराखी रोज चढतात हे खरे, पण कुठवर? जनावर जिथवर चरते तिथवर. हे डोंगर लाव्ह्याच्या आडव्या थरांचे आहेत. मऊ थर झिजून गवताची पायरी होते आणि कठीण थराचा उभा कडा राहतो. ढोरवाट त्या पायऱ्यांवरून डोंगराला वळसे घालत जाते आणि शेवटच्या कड्याखाली विरून जाते. पायथ्याशी शेळ्या राखणाऱ्या एका बाबांना आम्ही माथ्याची वाट विचारली, तेव्हा ते म्हणाले, “वर काय शे भाऊ? चारा नही, पानी नही.” ते स्वतः कधी माथ्यावर गेले नव्हते, आणि जाण्याचे त्यांना कारणही नव्हते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंभा शिखराची गोष्ट वेगळी. तिथे दिवाळीच्या यात्रेत भाविकांची रीघ लागते आणि वाट पायांनी मळलेली असते. इथे कड्यापुढे मळलेले काहीच नाही.

आम्ही दोनदा कड्याखालून परत फिरलो. तिसऱ्या खेपेस उत्तरेच्या अंगाने आडवे जाताना डाइक सापडली. जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या भिंती धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात मैलोन्‌मैल पूर्व-पश्चिम धावतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. ती जिथे कड्याला छेदते तिथे एक अरुंद घळ आहे. डाइकचे दगड उभे नसून आडवे असतात, सरपणाची मोळी रचावी तसे, त्यामुळे पाय ठेवायला खाचा मिळतात. पण त्यांतला प्रत्येक तिसरा दगड हाताने दाबताच हलत होता. एकाने चढायचे, बाकीच्यांनी बाजूला सरून थांबायचे, दगड सुटला तर ओरडायचे, असे करत तीन पुरुष उंचीच्या त्या घळीला आम्हाला दीड तास लागला. त्या दीड तासाला मी ‘शोध’ म्हणालो, आणि पुढेही म्हणेन. आपण त्या पायथ्याला तरी कधी गेला आहात काय?

ट्रॅक मी देणार नाही. पावसाळ्यात घळीतला घसारा सरकतो, आणि मोबाइलवरच्या रेषेवर विसंबून कोणी त्या सुट्या दगडांखाली सापडावे, हे मला नको आहे.

डिसेंबरात गवत वाळून बसल्यावर आपण साक्रीला यावे. मी पायथ्याशी हजर असेन. ढोरवाट जिथे संपते त्या पायरीपर्यंत आपण बरोबर जाऊ, आणि तिथून पुढे गुराखी रोज कुठून चढतात ते आपण मला दाखवावे.