कॉन्टेसाच्या फुल फ्लोटरला दोन स्टार: वर्कशॉपचे उत्तर

नमस्कार. तुमच्या ड्रॅग रेसच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) कॉन्टेसाला आमच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या वर्कशॉपने फुल फ्लोटर एक्सल (गाडीचे वजन शाफ्टवर येऊ न देणारा मागचा एक्सल) बसवला, त्याचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत: सेमी-फ्लोटर चालला असता तरी फुल फ्लोटरचा खर्च गळ्यात मारला, दोन रेस मीटनंतर डावी ब्रेक डिस्क ऑइलने माखली आणि उजव्या शाफ्टचे आतले स्प्लाइन (टोकावरचे दाते) पिळले.

आधी गळतीचे, कारण ती चूक आमची. तुमच्याच फोटोत एक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे तोंड) दिसतो. त्याच्या भोकात काळे पावडर कोटिंग बसले आहे. कोटिंगला पाठवताना ते भोक बंद करायचे राहिले आणि परत आल्यावर त्यात ड्रिलही फिरवला गेला नाही. हाउसिंग तापले की आतली हवा फुगते. तिला वाट मिळाली नाही की ती ट्यूबमधल्या सीलवर जोर करते. मग गिअर ऑइल हबमध्ये शिरते, बेअरिंगचे ग्रीस धुऊन काढते आणि मागच्या सीलमधून डिस्कवर येते. त्यामुळे बाहेर कुठे नुसते सील बदलून घेऊ नका, नवेही तसेच गळेल. हब उघडून दोन्ही टेपर बेअरिंग रॉकेलने धुवायची, वाळवून नवे ग्रीस भरायचे, ब्रीदर मोकळा करायचा. पॅड फेकून द्यायचे. ऑइल प्यायलेला पॅड पॉलिश पेपरवर कितीही घासा, तापला की पुन्हा ऑइल सोडतो. पॅडसकट हे सगळे काम आमच्या खर्चाने.

हबचा नट आवळताना हब हाताने फिरवत राहायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सैल करून पुन्हा हलका आवळायचा आणि डायल गेज लावून आतबाहेरचा खेळ बघायचा. आम्ही तो ०.०३ ते ०.०८ मिमी ठेवतो. पहिल्या पाच-सहा रननंतर तो पुन्हा तपासावा लागतो. हे जॉब कार्डवर लिहायला हवे होते, लिहिले नव्हते.

आता ‘सेमी-फ्लोटर चालला असता’ याबद्दल. शर्यतीला बारा-तेरा सेकंद घेणाऱ्या गाडीला सी-क्लिप (शाफ्ट आतून अडकवणारी छोटी कडी) नसलेला चांगला सेमी-फ्लोटर पुरतो, हे आम्ही कोणालाही सांगतो. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेचा नियमही १०.९९ सेकंद किंवा त्याहून जलद गाडीला आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीचा मूळ नसलेला) शाफ्ट आणि तो निसटू न देणारी रचना मागतो. तेवढ्यासाठी फुल फ्लोटरची सक्ती नाही. पण तुमची गाडी दहाच्या घरात, लॉक्ड स्पूल (दोन्ही शाफ्ट एकत्र जखडणारा भाग), मागे रुंद स्लिक (बिननक्षीचे रेसिंग टायर). सेमी-फ्लोटरमध्ये गाडीचे वजनही शाफ्टच पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला की तुकड्यासकट चाक निघून जाते. फुल फ्लोटरमध्ये हब स्पिंडलवरच्या दोन बेअरिंगवर बसतो आणि शाफ्टला फक्त पीळ सोसायचा असतो. टाटा ४०७ची मागची बाजू उघडून बघा, तत्त्व तेच. शिवाय चाक बसते ती फ्लँज वाकत नाही, त्यामुळे डिस्क डुलत नाही, पॅड मागे ढकलले जात नाहीत आणि फिनिशनंतर पहिल्याच दाबाला पेडल खाली जात नाही. वजन वाढते, ते खरे.

स्प्लाइनचे दुखणे मात्र वेगळे. इंजिन ६०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर २.५, फायनल ड्राइव्ह (एक्सलचे गिअर) ४.१: गुणाकार ६१५०. स्पूल असला की एका चाकाची पकड सुटताच जवळजवळ सगळा भार दुसऱ्या शाफ्टवर येतो. तुमचा जुना ३१ स्प्लाइनचा स्पूल ठेवायचा होता, म्हणून शाफ्टचे आतले टोक ३१ आणि बाहेरचे ३५ केले. पिळाची ताकद व्यासाच्या घनावर जाते, म्हणजे ३५ला सुमारे ४४ टक्के जास्त. जाड शाफ्टला बारीक टोक काढले की सगळा पीळ तिथेच गोळा होतो. तुमच्या आग्रहाखातर केले, पण आम्ही नाही म्हणायला हवे होते. स्पूल, शाफ्ट आणि ड्राइव्ह प्लेट (शाफ्ट हबला जोडणारी) तिन्ही ३५ची हवीत, आणि शाफ्टचे अंग स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीक, म्हणजे पीळ पूर्ण लांबीवर वाटला जातो.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ईएन२४ स्टीलचा बार आणून तिसऱ्या हिश्शात शाफ्ट झाला असता, असे तुम्ही लिहिलेत. धातू वाईट नाही, शाफ्टला वापरतात त्या ४३४० स्टीलच्याच जातीचा आहे. पण बाजारात तो बहुधा टी कंडिशनमध्ये (आधीच मध्यम कडक केलेला), ८५० ते १००० एमपीए ताकदीचा मिळतो. पुढे हार्डनिंग, टेंपरिंग, सरळ करणे, आणि स्प्लाइनच्या मुळाशी गोलाई. मिलिंगवर मुळाशी धारदार कोपरा राहिला की तडा तिथूनच सुरू होतो. खर्च असतो तो यात.

नवे शाफ्ट गन-ड्रिल (मधून लांब भोक पाडून पोकळ) करायचे का, हेही विचारले आहे. करा. ३८ मिमीच्या शाफ्टला १९ मिमीचे भोक पाडले तर वजन पाव हिश्शाने उतरते, पिळाची ताकद जेमतेम ६ टक्के. पाऊण मीटरच्या शाफ्टमागे दीड किलोहून जास्त वाचते.

नव्या स्पूल-शाफ्टचे फक्त मटेरियलचे बिल लागेल, मजुरी घेणार नाही. तोवर डावा शाफ्टही बघून घ्या. चाक काढावे लागत नाही: ड्राइव्ह प्लेटचे बोल्ट खोला, शाफ्ट ओढा, स्प्लाइनच्या खाचेवर स्टीलची पट्टी धरा. खाच पट्टीपासून तिरकी गेली असेल तर तोही गेला. दोन्ही शाफ्ट बाहेर असताना गिअरमध्ये टाकलेली गाडी थांबत नाही, चाकाखाली ठोकळा लावायला विसरू नका.