दहाची नोट आणि टूनी

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर जुंपली. धाकट्या भावानं व्हिडिओ टाकला होता. व्हरायटी चौकाचा सिग्नल, गाडीची काच खाली, त्याच्या पाच वर्षांच्या पोराचा हात बाहेर आणि हातात दहाची नोट. घेणारी पोरगी जेमतेम त्याच्याच वयाची. अर्ध्या नातेवाइकांनी 'याला म्हणतात संस्कार' म्हणून हात जोडले, बाकीचे तुटून पडले. काकांनी २०२३ चा मार्च उकरून काढला. तेव्हा नागपूर पोलिसांनी कलम १४४ लावून चौकाचौकांत भीक मागायला बंदी केली होती, कारण जी-ट्वेंटीचे पाहुणे यायचे होते. (त्यातली नागपूरची बैठक होती नागरी संस्थांची! मला तेव्हाही हसू आलं होतं.) काकांचा मुद्दा एकच, "दहा रुपये देऊन तू त्या पोरीला उद्या पुन्हा तिथंच उभी करून राहिला."

मी टोरांटोजवळ राहते. माझ्या मुलीचं देणं शाळेत होतं. सप्टेंबरात टेरी फॉक्स रन असते. कर्करोगानं पाय गेलेला हा पोरगा १९८० मध्ये कृत्रिम पायावर देश पार करायला निघाला आणि आजार फुप्फुसात पसरेपर्यंत १४३ दिवस धावला. मागणं काय, तर प्रत्येक कॅनेडियनकडून एक डॉलर. आता त्याच्या नावानं मुलं शाळेत टूनी, म्हणजे दोन डॉलरचं नाणं, नेतात. मुलीला टेरीची गोष्ट तोंडपाठ आहे. टूनी मात्र माझ्या पर्समधली, बस यायच्या घाईत तिच्या मुठीत कोंबलेली. मग भावाला मी कोणत्या तोंडानं बोलणार? दोन्हीकडे पैसे आईबापाचे आणि कौतुक पोरांचं.

म्हणून तीन बरण्या केल्या: खर्चाची, साठवणीची, देण्याची. इकडे बऱ्याच घरांत असतात. आठवड्याला तीन डॉलर, एकेका बरणीत एकेक. खर्चाची बरणी रिकामी झाली की खरी घालमेल सुरू होते. एकदा स्टिकर हवे होते. मी भाजी चिरत होते, मागं झाकण फिरल्याचा आवाज आला, नाणं वाजलं. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा नाणं वाजलं, या वेळी काचेवर. मी वळून बघितलं नाही. टूनीनं जे जमलं नव्हतं ते त्या दोन आवाजांत झालं, असं मला वाटतं.

पण बरणीतही खोट आहेच. घेणारा दिसत नाही. पैसे माझ्या कार्डावरून जातात, कराची पावती मला येते आणि नाणी फिरून माझ्याच पर्समध्ये.

आमचं नागपूरचं घर दीक्षाभूमीच्या वाटेवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी दसरा होता. म्हणून दरवर्षी दसऱ्याला लाखो माणसं येतात, डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू. रस्त्यानं जागोजागी जेवणाचे, पाण्याचे स्टॉल. आई मला पाण्याच्या पिंपापाशी उभी करायची. ग्लास नुसता पुढं करायचा नाही, "घ्या आजी" म्हणायचं. एका आजीनं पाणी पिऊन पदराची गाठ सोडली आणि मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "घे ना. नाही म्हणतात का?"

ग्रुपवर काकांनी शेवटी बाबा आमटेंना आणलंच. आमच्या विदर्भात देण्याविरुद्ध बोलायचं तर आनंदवनाचा दाखला हुकमी. हाताला काम द्या, दान नको. खरं आहे. पण बाबा वरोऱ्याच्या त्या माळावर कुष्ठरुग्णांबरोबर राहायला गेले होते. गाडीतून सल्ला देऊन पुढं गेले नाहीत.

भावाला मी फोन केला. वाद घातला नाही, फक्त म्हटलं, व्हिडिओ काढून टाक, त्या पोरीचा चेहरा दिसून राहिला. त्यानं काढला. मग बरण्यांचं सांगितलं. थोडं थांबून म्हणाला, "ताई, लोणच्याची रिकामी पडून आहे घरी. चालते का?"