क्ले थॉम्पसन अडीच वर्षे बाहेर का होता? एक खुलासा

'गुडघा फाटला, तरी क्ले थॉम्पसनने फायनल पूर्ण खेळली आणि त्याची किंमत म्हणून अडीच वर्षे घरी बसला' असा मजकूर अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या या बास्केटबॉलपटूबद्दल सध्या फिरतो आहे. यात थोडंच खरं आहे.

13 जून 2019 ला टोरँटो रॅप्टर्सविरुद्धच्या फायनल मालिकेतल्या सहाव्या सामन्यात डंक (उडी मारून चेंडू वरून थेट बास्केटमध्ये घालणं) मारताना त्याला धक्का बसला आणि उतरताना डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं लिगामेंट, तुटलं. तो ड्रेसिंग रूमकडे गेला, फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) टाकायला परत आला, दोन्ही टाकले. तोवर त्याचे 30 गुण झाले होते. पण लगेच त्याला बाहेर काढलं आणि तो परतला नाही. त्याचा संघ गोल्डन स्टेट वॉरियर्स तो सामना 114-110 असा हरले, विजेतेपदही गेलं.

एसीएलमुळे 2019-20 चा हंगाम बुडाला, एवढं बरोबर. पुढचा हंगाम मात्र दुसऱ्याच पायाने खाल्ला. नोव्हेंबर 2020 मध्ये सरावाच्या खेळात त्याच्या उजव्या पायाचा अकिलीस, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारा टेंडन, तुटला. फायनलमधल्या धाडसाचा त्याच्याशी संबंध लावणं ओढूनताणून आहे.

तो परतला 9 जानेवारी 2022 ला, 941 दिवसांनी, क्लीव्हलँडविरुद्ध. 20 मिनिटांत 17 गुण. गर्दीतून मारलेला एक डंकही त्यात होता, आणि खरं सांगायचं तर आकड्यांपेक्षा तोच पाहण्यासारखा. त्याच जूनमध्ये वॉरियर्सनी फायनल मालिकेत बोस्टनला 4-2 ने हरवून विजेतेपद परत मिळवलं.