‘न्याय तं भेटला न शेवटी?’

आज सकाळी पानठेल्यावर एकजण मला म्हणाला, ‘तुह्या बाबाले न्याय तं भेटला न शेवटी? मंग कायले कोर्टाच्या नावानं बोंबलतं?’ चारचौघं उभे होते, मी गप्प बसलो. घरी आलो, जेवण गेलं नाही. म्हणून इथं लिहितोय. लांबेल.

विषय निघाला होता गावातल्या एका मुलीवरून. खाजगी अनुदानित शाळेत लिपिक आहे, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आहे. एकोणीस दिवसांपूर्वी संस्थेच्या सचिवानं तिला तोंडी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. दुसऱ्या दिवशी गेली तर मस्टर कपाटात आणि कपाटाला कुलूप. तिचे वडील सगळ्यांना विचारत होते, आता काय करू? अर्धे लोक म्हणाले, अध्यक्षाचे पाय धर. आणि हा गडी म्हणाला, कोर्टात जा, यांच्या बाबाले भेटलाच न न्याय.

तर बाबांना काय भेटलं ते ऐका.

बाबा शाळेत शिपाई होते. जून 2004, उन्हाळ्यानंतर शाळा उघडली तो दिवस. पहाटे उठून वर्ग झाडले, माठ भरले. अकरा वाजता ऑफिसात बोलावून त्यांच्या हातात त्यांचाच राजीनामा दिला. नोकरीला लागताना कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवली होती, तोच कागद. वर टाइप केलेलं, खाली बाबांची सही. अध्यक्षाच्या पुतण्याला जागा पाहिजे होती, एवढंच कारण. बाबा तेव्हा 51 वर्षांचे होते.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आहे. त्याचं कलम 7 म्हणतं, राजीनामा दोन प्रतींत करायचा, दोन्हींवर सही-तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवायची. कोणी तरी विचार करूनच हे लिहिलं असणार, कारण कोऱ्या कागदावरच्या सह्या काही आमच्याच गावात घेतल्या जात नाहीत. बाबांनी कधी पोस्टाची पायरी चढली नव्हती. म्हणजे केस पहिल्या दिवशीच स्पष्ट होती. तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे शाळेच्या कर्मचाऱ्यांच्या अशा वादांसाठीच्या कोर्टात, अपील लागलं. आणि त्याच कायद्यात असंही लिहिलंय की अपील होईल तितकं तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा.

तीन महिने! सात वर्षं लागली.

मला एक दिवस विसरता येत नाही. नोव्हेंबर 2006, मी बारावीत होतो, आईनं मला सोबत पाठवलं होतं. घरी कापूस फुटलेला, वेचायला मजूर मिळत नव्हते. पहाटे साडेचारला निघालो, दोन एसट्या बदलल्या. आईनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. न्यायाधिकरणाच्या दारात बाबांनी चपला काढल्या, देवळात काढतो तशा. तिथल्या शिपायानं म्हटलं, ‘बाबाजी, चपला घालून चाला आत.’ बाबा हसले. शिपाईच शिपायाला सांगत होता.

दुपारी पुकारा झाला. संस्थेच्या वकिलांचा ज्युनिअर उभा राहिला, ‘सर नागपूरला आहेत, वेळ मिळावा.’ तारीख पडली, दोन मिनिटांत संपलं. बाबा हात जोडून तसेच उभे. त्यांना वाटत होतं आता कोणी तरी आपल्याला काही विचारेल. शिपायानं दंडाला धरून हळूच बाजूला केलं. बाहेर येऊन बाबा म्हणाले, ‘आज बी नाई झालं. चाल, सहाची गाडी भेटते.’

असे दिवस किती झाले ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं.

न्यायाधीशांसमोर रोज केसेसचा ढीग असतो, हे मान्य. पण त्या दिवशी ढिगाचा काय संबंध होता? आमची केस पुकारली होती, बाबा हजर होते, कागद समोर होता. फक्त एका माणसाला यायचं नव्हतं. आणि न येण्याची त्याला एक रुपयाचीही किंमत मोजावी लागली नाही. किंमत आम्ही मोजली. दोघांचं येण्याजाण्याचं तिकीट, बाबांची एका दिवसाची मजुरी (नोकरी गेल्यावर ते दुसऱ्यांच्या वावरात जात), माझं कॉलेज आणि वावरात झाडावरच लोंबत राहिलेला कापूस. संस्थेला तारीख म्हणजे एक कागद. आम्हाला तारीख म्हणजे एक दिवस उपाशी.

याचा मला राग आहे, आणि तो कमी होत नाही.

कायद्यात सोय नाही म्हणाल तर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय की सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी, म्हणजे तारीख वाढवून, द्यायची नाही. त्याच संहितेचं कलम 35ब सांगतं, सुनावणी लांबवणाऱ्याकडून दुसऱ्याला खर्च देववता येतो, आणि तो भरल्याशिवाय त्याची बाजू पुढे चालू द्यायची नाही. शाळा न्यायाधिकरणाला अपील कोर्टाचेच अधिकार आहेत. मग त्या नोव्हेंबरात ‘आधी या माणसाचं भाडं आणि मजुरी टेबलावर ठेवा, मग तारीख मागा’ एवढं एक वाक्य कोणी का नाही बोललं? एकदा जरी बोललं असतं ना, पुढच्या तारखेला मोठे वकील धावत आले असते.

मार्च 2011 मध्ये निकाल लागला. राजीनामा बेकायदेशीर, पुन्हा कामावर घ्या, अर्धा थकीत पगार द्या. गावात पेढे वाटले. बाबांनी खाकी ड्रेस शिवायला टाकला, नवा. संस्था हायकोर्टात गेली आणि स्थगिती आणली. 2014 मध्ये हायकोर्टानं संस्थेचं म्हणणं फेटाळलं, पण तोवर बाबा 61 चे झाले होते. शिपायाची निवृत्ती साठाव्या वर्षी. ड्रेस कधी अंगात गेलाच नाही. आईनं तो पुढं पोळ्याला आमच्या सालदाराला दिला.

आणि अर्धाच पगार का? 2013 साली सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं की बेकायदेशीरपणे काढलेल्या कर्मचाऱ्याला पूर्ण थकीत पगार हाच सर्वसाधारण नियम. आमचा निकाल त्याच्या दोन वर्षं आधीचा. उरलेल्या अर्ध्यासाठी लढू म्हटलं तर बाबा म्हणाले, ‘आता नाई होत बाप्पा. एसटीत पाय सुजतात माहे.’

याला न्याय म्हणता तुम्ही?

थांबतो जरा. आमच्या वकिलांवर अन्याय नको. शेवटची तीन वर्षं त्यांनी एक पैसा घेतला नाही, उलट एकदा बाबांना घरी जेवायला नेलं. तो न्यायाधिकरणाचा शिपाई, तोही आठवतो. दर तारखेला बाबांसाठी बाकावर जागा धरून ठेवायचा. बाबा गेले तेव्हा कुठून तरी कळलं आणि तो आला होता. संस्थेकडून कोणी आलं नाही.

काही जण लिहितील, लोकअदालतीत मिटवा. अपघाताचे, बँकेचे वाद तिथं लवकर मिटतात, खरं आहे. पण तिथं झालेल्या तडजोडीवर अपील नाही, आणि ज्याच्या घरात पीठ नाही तो तडजोडीला बसला की समोरचा देईल ते घेऊन उठतो. थांबण्याची ताकद कोणाकडे आहे, सगळं त्यावर ठरतं.

मग त्या मुलीनं जाऊ नये का? दुपारभर हाच विचार करत होतो. सकाळी रागात असतो तर तिच्या वडिलांना ‘नका जाऊ’ म्हटलं असतं. आता म्हणवत नाही. ती गप्प बसली तर तो सचिव पुढच्या जूनमध्ये आणखी एकाला काढेल. आणि कसंही झालं तरी ‘राजीनामा खोटा आहे’ हे वाक्य सरकारी कागदावर लिहून आलं होतं. बाबा तो निकाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवायचे, पाहुण्यांना काढून दाखवायचे.

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आलो. अपिलाच्या तीस दिवसांतले अकरा दिवस उरलेत. बाईमाणसाला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो, त्यासाठी उद्या सकाळच्या गाडीनं तालुक्याला विधी सेवा समितीत जातोय, तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन. तिला सांगितलं, बाई, आम्ही एक चूक केली, एसटीची तिकिटं उतरल्या उतरल्या फेकून दिली. तू उद्याचं पहिलं तिकीटही जपून ठेव. तारीख वाढवून मागितली की तिकिटं पुढे करायची आणि खर्च मागायचा, दरवेळी.