अंगठी नक्की कुणाची? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज म्हणजे आपलंच रामायण’ या फॉरवर्डला उत्तर

दर काही महिन्यांनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर येऊन आदळतो. शेवटी हात जोडलेले चार इमोजी आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. या वेळी तो धाकट्या काकांनी टाकला होता, त्यामुळे मी गप्प बसणार होतो. पण पाठोपाठ आत्याने लिहिलं, ‘तू एवढी इंग्रजी पुस्तकं वाचतोस, हे माहीत होतं का तुला?’ मग आलं की नाही अंगावर.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. टॉल्किन या इंग्रज लेखकाने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ रामायण-महाभारतावरून चोरलं. मरून परत येणारा जादूगार गॅन्डाल्फ म्हणजे अवतार. रानावनांत भटकणारा राजा अरागॉर्न म्हणजे वनवासातला राम. लढाईला निघालेली झाडं म्हणजे वानरसेना. अंगठी तर उघडउघड शकुंतलेची. आणि शेवटी मुख्य मुद्दा: पाश्चात्त्यांकडे स्वतःच्या पुराणकथा नव्हत्याच, म्हणून त्यांनी आपल्या नेल्या; आपल्याकडे मात्र मूळ जसंच्या तसं जपलेलं आहे.

एकेक घेऊ.

‘गॅन्डाल्फ म्हणजे अवतार’

गॅन्डाल्फ हे नाव कुठून आलं ते शोधावंही लागत नाही. जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाकडच्या, भाषेत ‘व्होलुस्पा’ नावाचं काव्य आहे, त्यात बुटक्यांच्या नावांची एक लांब यादी येते. ड्युरिन, ड्वालिन, बिफुर, बोफुर, बॉम्बुर, फिली, किली, थोरिन. टॉल्किनचं आधीचं पुस्तक ‘द हॉबिट’ वाचलेल्या कुणालाही ही मंडळी ओळखीची वाटतील, आणि याच यादीत ‘गान्डाल्फ्र’ही आहे. टॉल्किनने हे लपवलं नाही. १९३८ साली एका इंग्रजी वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ही नावं ‘एड्डा’ या जुन्या नॉर्स संग्रहातल्या काव्यांमधली असल्याचं सांगितलं. चोर असा पत्ता देऊन जात नाही.

गंमत पुढे आहे. ‘द हॉबिट’च्या पहिल्या खर्ड्यात गॅन्डाल्फ हे नाव बुटक्यांच्या म्होरक्याचं होतं, जादूगार वेगळ्याच नावाने वावरत होता. नावाचा अर्थ साधारण ‘काठीवाला आल्फ’, आल्फ म्हणजे एल्फ, बुटक्यांहून वेगळी अशी अद्भुत जमात. आता बुटक्यांच्या यादीत आल्फ काय करतोय? जुन्या भाषांमध्ये मुरलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, आणि नाव शेवटी गेलं ते हातात काठी असलेल्या म्हाताऱ्याकडे. दाढी, रुंद काठाची टोपी, पायी भटकंती हे रूप ओडिन या नॉर्स देवाचं. टॉल्किनने स्वतःच एका पत्रात त्याला ओडिनच्या धर्तीचा भटक्या म्हटलं आहे.

पण जुना ओडिन वचनं मोडतो आणि राजांना एकमेकांशी झुंजवतो, कारण वल्हाल्ला या आपल्या महालातल्या सैन्यासाठी त्याला मेलेले वीर हवे असतात. गॅन्डाल्फ तोच वेश अंगावर घेतो आणि समोर चालून आलेली सर्वशक्तिमान अंगठी नाकारतो. कपडे ओडिनचे, आतला माणूस उलटा. फँटसी पुराणाचं काय करते ते इथे दिसतं.

एक मात्र कबूल करतो. गॅन्डाल्फ मुळात मानवी देहात पाठवलेला एक आत्मा आहे, त्यामुळे ‘अवतार’ हा शब्द तिथे अगदीच विसंगत नाही. पण टॉल्किन पक्का कॅथलिक होता. धाडलेला दूत, सोसलेलं मरण, काम संपवण्यासाठी पुन्हा पाठवणी: हे सगळं त्याला घरच्या देवघरातच मिळत होतं.

‘अरागॉर्न म्हणजे वनवासी राम’

याला उत्तर एका ओळीचं आहे. सुरुवातीच्या खर्ड्यांमध्ये हे पात्र राजा नव्हतंच; ते होतं लाकडी बूट घालून खटखट चालणारा एक हॉबिट (टॉल्किनच्या कथेतली छोट्या चणीची माणसं), नाव ट्रॉटर. लेखकाच्या मुलाने हे खर्डे १९८८ मध्ये छापून आणले, कुणीही वाचावेत. रामायण समोर ठेवून लिहायला बसलेला माणूस रामाची सुरुवात लाकडी बुटांपासून करेल का? आणि हक्काच्या राज्यापासून दूर राहून परतणारा राजा ग्रीकांच्या ओडिसिअसपासून सगळीकडे सापडतो.

‘झाडांची फौज म्हणजे वानरसेना’

या चालत्या झाडांना टॉल्किनने ‘एन्ट’ म्हटलं. तो जुन्या इंग्रजीतला शब्द आहे, अर्थ राक्षस. जुन्या कवितांमध्ये पडक्या दगडी बांधकामांना ‘एन्टांची करणी’ म्हटलेलं आढळतं. आपल्याकडे जुनं लेणं दिसलं की ‘पांडवांनी एका रात्रीत खोदलं’ म्हणतात, तसंच.

झाडं लढाईला निघण्याची कल्पना मात्र एका शाळकरी रागातून आली. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये भाकीत होतं की बर्नमचं जंगल डोंगरावर चालून येईल तेव्हाच राजा हरेल. प्रत्यक्षात काय होतं, तर सैनिक फांद्या तोडून हातात धरून येतात. शाळेत असताना टॉल्किनची यावर घोर निराशा झाली. झाडं खरोखर चालली पाहिजेत असं त्याला वाटायचं, आणि हे त्याने १९५५ मध्ये ऑडेन या कवीला पत्रात लिहिलं. पन्नाशीच्या आसपास त्याने ती झाडं चालवली. याच्यात वानर कुठे आले?

‘अंगठी तर शकुंतलेचीच’

इथे जरा थांबायला हवं, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नकळत फार चांगलं उदाहरण दिलं आहे.

महाभारतातल्या शकुंतलेकडे अंगठी नाही. आदिपर्व उघडून पाहा. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते. दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो सरळ म्हणतो, मी तुला ओळखत नाही. मग आकाशवाणी होते, आणि राजा दरबाऱ्यांना सांगतो की मला ठाऊक होतंच, पण केवळ हिच्या शब्दावर मुलगा स्वीकारला असता तर लोकांनी शंका घेतली असती. दुर्वासांचा शाप नाही, मासा नाही, कोळी नाही. नाटकात हे सगळं आणलं कालिदासाने, आणि पुण्यात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेही कालिदासावरूनच. त्यामुळे आपल्या मनात जी शकुंतला आहे ती अंगठीवाली. महाभारतातली, भर दरबारात राजाला खडे बोल सुनावणारी बाई आपल्याला जवळजवळ अनोळखी आहे.

म्हणजे अंगठीचं काम काय? राजाचं खोटं झाकणं. शाप आणि अंगठी आली आणि ढळढळीत नाकारणारा दुष्यंत विसरभोळा, बिचारा झाला.

आता टॉल्किनची अंगठी घ्या. १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये ती साधी अदृश्य करणारी जादूची अंगठी आहे, प्लेटोने सांगितलेल्या गायगीजच्या अंगठीसारखी. त्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हा अंधारात राहणारा प्राणी कोड्यांच्या खेळात हरतो, तेव्हा पैज म्हणून कथेचा नायक बिल्बो या हॉबिटला अंगठी द्यायला तो राजीखुशीने तयार असतो! शोधायला जातो, सापडत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा माफी मागतो आणि बदल्यात बाहेरची वाट दाखवतो. अंगठी तोवर बिल्बोच्या खिशात गेलेली असते. ज्या अंगठीपायी पुढे माणसं वेडी होतात, ती इथे बक्षीस म्हणून देऊ केलेली.

पुढचं पुस्तक, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, लिहिताना टॉल्किनची पंचाईत झाली. मग त्याने तो प्रसंग नव्याने लिहिला. १९५१ च्या आवृत्तीत गॉलम अंधारातून ‘चोर! चोर!’ म्हणून किंचाळतो. जुनी हकीगतही त्याने वाया घालवली नाही. ती बिल्बोने आपली बाजू सावरण्यासाठी सांगितलेली थाप ठरली, आणि सरळमार्गी बिल्बो थाप मारतो हेच अंगठीच्या वाईट असराचं पहिलं लक्षण ठरलं.

कालिदासाची अंगठी एका माणसाचं खोटं धुऊन काढते, टॉल्किनची अंगठी एका माणसाला खोटं बोलायला लावते. दोघांनीही ती जुन्या कथेत नंतर बसवली. एकाने महाभारतात, दुसऱ्याने स्वतःच्याच पुस्तकात. चोरीचा शोध घेणाऱ्याला फक्त ‘दोन्हीकडे अंगठी’ एवढंच दिसतं.

टॉल्किनवर अंगठीचा आरोप खुद्द युरोपातही झाला, तो जर्मन संगीतकार वाग्नरच्या अंगठीवरून. त्यावर त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे: दोन्ही अंगठ्या गोल होत्या, साम्य तिथेच संपतं. मला तो इथे जरा जास्तच फणकारलेला वाटतो. नॉर्स कथेत आन्डवारी या बुटक्याची शापित अंगठी आहे खरी, पण ती सोनं वाढवते. जगावर सत्ता देणारी अंगठी वाग्नरने केली, आणि टॉल्किनची त्याच वळणावर जाते. तेव्हा चोरीचा खटला भरायचाच असेल तर तो जर्मनांनी भरावा. आपली फिर्याद त्यात बसत नाही.

‘त्यांच्याकडे काही नव्हतं, आपल्याकडे मूळ जसंच्या तसं’

काही नव्हतं? ‘बेओवुल्फ’ हे जुनं इंग्रजी काव्य तीन हजारांहून जास्त ओळींचं आहे. त्याच्या ११२व्या ओळीत एका दमात तीन नावं येतात: राक्षस, एल्फ आणि ‘ऑर्कनेआस’, ज्यातून टॉल्किनचे ऑर्क आले. त्या ओळीत हे तिघेही बायबलमधल्या, भावाला मारणाऱ्या केनचे वंशज, म्हणजे दुष्टांच्या गोटातले. टॉल्किनने त्यातून एल्फ उचलले आणि जगातली सर्वांत सुंदर, थोरली प्रजा म्हणून पलीकडच्या बाजूला नेऊन उभे केले.

आणि ‘जसंच्या तसं’ म्हणाल, तर ते कुणाकडेच नाही. नॉर्स कथा आइसलँडच्या स्नोरीने १२२० च्या सुमारास लिहून काढल्या, तेव्हा बेट ख्रिस्ती होऊन दोन शतकं उलटली होती. त्याच्या ‘एड्डा’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तर हे देव म्हणजे मूळची ट्रॉय या प्राचीन नगरीकडची माणसंच होती असं सांगून टाकलं आहे. फिनलंडचं ‘कालेवाला’ एलियास ल्योनरोट नावाच्या डॉक्टरने गावोगावची गाणी जमवून, शिवून, १८३५ मध्ये छापलं. त्यातला कुल्लेर्वो स्वतःच्या तलवारीला विचारतो, माझं रक्त पिशील का? तलवार उत्तर देते. टॉल्किनच्या दुसऱ्या एका कथेतला नायक तूरिनही हेच विचारतो आणि त्याचीही तलवार बोलते. फक्त त्याआधी त्याने एक ड्रॅगन मारलेला असतो, जो कुल्लेर्वोच्या वाट्याला कधी आला नव्हता.

आपल्या देवांवर फँटसी कुणी लिहिलीच नाही असंही नाही. रॉजर झेलाझ्नी या अमेरिकन लेखकाच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’मध्ये (१९६७) यम, अग्नी, ब्रह्मा नावानिशी आहेत आणि ती परग्रहावर यंत्रांच्या जोरावर देव होऊन बसलेली माणसं आहेत. त्यावर वाद घालायचा तर जरूर घाला, निदान तिथे वस्तू खरोखर आपल्या घरची आहे.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं. काकांचं उत्तर आलं: ‘ते ठीक, पण आपल्या लोकांनी रामायणात असे हात घातले नाहीत.’ मी त्यांना मोरोपंतांची आठवण करून दिली. पंतांनी १०८ रामायणं रचली असं सांगतात, त्यातलं एक ‘निरोष्ठ रामायण’, म्हणजे म्हणताना ओठाला ओठ लागायचा नाही. प, फ, ब, भ, म हद्दपार. म्हणजे त्या अख्ख्या रामायणात ‘राम’ हा शब्दच येऊ शकत नाही.

काका अजून ओठ न लावता ‘राम’ म्हणून बघतायत.